आयत्या वेळचे दोन मुंगीपक्षी

मोरेश्वर काकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते नेपरव्हिलच्या इंडियन स्टोअरमध्ये, पोह्यांच्या रॅकसमोर. दोन्ही हातांत जाड पोह्यांची एकेक पिशवी. एकदा डावी वर, एकदा उजवी वर. मी माझं सगळं सामान घेतलं, कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट केल्या, काय विसरलं ते बायकोला फोन करून विचारलं, तेही घेतलं आणि बाहेर पडताना पाहिलं तर काका तिथेच. मला वाटलं, म्हातारबुवांना चक्कर-बिक्कर येतेय की काय. जवळ जाऊन विचारलं. त्यांनी मला नीट न्याहाळलं, मराठी आहे हे ओळखलं आणि दोन्ही पिशव्या माझ्या नाकाखाली धरून यातला फरक सांगा म्हणाले.

मी म्हटलं, मला तर दोन्ही सारखेच दिसतात. त्यावर काका खूश झाले. म्हणाले, तेच तर, मग कंपन्यांनी दोन कशाला काढलेत? शेवटी ते पोहे न घेताच घरी गेले आणि त्या दिवशी त्यांच्या बायकोला, शुभा काकूंना, उपमा करावा लागला. काकूंनीच हे मला पुढे सांगितलं. त्यांच्याकडे अशा न घेतलेल्या गोष्टींच्या पुष्कळ हकिकती आहेत.

काका मूळचे नागपूरचे. ऐन तारुण्यात अमेरिकेला आले आणि पंपांचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस म्हणून चिकटले, ते निवृत्त होईपर्यंत. काम असं, की दोन पुरवठादारांकडून आलेले दोन नमुने शेजारी ठेवायचे आणि त्यांच्यातला फरक काढून वर पाठवायचा. कुठला घ्यायचा ते वरचे साहेब ठरवायचे. काकांनी जन्मभर फरक काढले, ठरवलं एकदाही नाही. निवृत्तीनंतर फरक काढणं तसंच चालू राहिलं आणि वर कोणी साहेब उरला नाही. सगळं घोडं तिथेच अडलं.

त्यांचे डेंटिस्ट दोन आहेत. दोघेही चांगले, एकाला सोडून दुसऱ्याकडे कसं जायचं, म्हणून वरच्या दातांना एक आणि खालच्या दातांना दुसरा. त्यांच्या बैठकीच्या खोलीला दोन रंग आहेत, दोन्ही सायीच्या रंगाचेच. नमुना म्हणून अर्ध्या अर्ध्या भिंतीला लावून बघितले होते, त्याला आता इतकी वर्षं झाली की दोन्ही विटून एकच झालेत, आणि तरीही काका पाहुण्याला विचारतात, तुम्हाला कुठली बाजू बरी वाटते?

मला असल्या माणसांचा राग येतो, हे सांगून टाकतो. मी मेनूकार्ड न उघडता ऑर्डर देणारा माणूस. पण काका-काकूंवर रागावता येत नाही, कारण माझी बायको आश्लेषा बाळंतपणात महिनाभर हॉस्पिटलात होती, तेव्हा इथे आमचं कोणी नव्हतं आणि शुभा काकू एका बॅगेनिशी सरळ आमच्या घरी राहायला आल्या होत्या. मागोमाग काकाही आले, दोन थर्मामीटर घेऊन. माझ्या आईला व्हिसा मिळाला नव्हता. त्या महिन्यात मला काकूंच्या हातचं गरम जेवण मिळालं नसतं तर मी नोकरी, व्हिसा, सगळं सोडून पुण्याला पळालो असतो. तेव्हापासून ती दोघं आमची झाली.

आता मुख्य गोष्ट. मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावरच अवेळी बर्फ पडला, काकू घरासमोरच्या ड्राइव्हवेवर घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. त्यांची मुलगी दीपा ओहायोतल्या डब्लिनला असते, इथून गाडीनं जेमतेम दिवसभराचं अंतर. ती धावत आली, आईचं प्लास्टर पाहिलं, वडिलांनी आणलेलं दोन प्रकारचं बर्फावर टाकायचं मीठ पाहिलं, त्यातलं एकही टाकलेलं नव्हतं हेही पाहिलं, आणि तिनं जाहीर केलं की आई-बाबांनी आता डब्लिनला यायचं. तिच्या घरापासून चालत जाता येईल अशी दोन टाउनहोम बांधून तयार होती. एकाच बिल्डरची, भिंतीला भिंत लागून, एकाचा जिना डावीकडे तर दुसऱ्याचा उजवीकडे, एवढाच काय तो फरक. काकूंनी एकदा आत फिरून सांगितलं, डावीकडचं घेऊ या, त्याच्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं.

काका म्हणाले, बघू.

बिल्डर दीपाच्या ओळखीचा. त्यानं मार्च संपेपर्यंत दोन्ही घरं धरून ठेवायचं कबूल केलं. त्यानंतर मात्र रांगेत माणसं उभी होती. काकूंनी मला आमच्या किचनमध्ये बसून अगदी शांतपणे सांगितलं, "शंतनू, त्या ड्राइव्हवेवर मी आणखी एक हिवाळा काढणार नाही. घर मिळालं तर ठीक, नाहीतर मी दीपाच्या बेसमेंटमध्ये राहीन. हे इथे बसू देत तुलना करत." काकू नवऱ्याचा उल्लेख कायम 'हे' असाच करतात, आणि त्या दिवशी त्या 'हे'ला चांगलीच धार होती.

काका घरांची तुलना करायला बसणार, एवढ्यात ते पक्षी आले.

त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. दीपाची मुलगी आन्या कॉलेजात जीवशास्त्र शिकते आणि तिच्या प्रोफेसरांच्या कुठल्याशा प्रोजेक्टमध्ये पक्ष्यांचे आवाज ऐकून वेगळे करायचं काम करते. दिवाळीच्या व्हिडिओ कॉलवर तिनं गंमत म्हणून आबांना दोन आवाज ऐकवले आणि विचारलं, "आबा, सेम ऑर डिफरंट?" दुसऱ्या कोणी तुक्का मारला असता आणि करंजी खाल्ली असती. काका म्हणाले, सगळं पाठव. त्या भाबड्या पोरीनं खरोखरच सगळं पाठवलं.

हे मुंगीपक्षी. अमेरिकेतल्या उष्ण जंगलांत राहणारे, म्हणजे आपल्या या अमेरिकेत नव्हे, खाली दक्षिणेत. नाव मुंगीपक्षी असलं तरी मुंग्या हे काही त्यांचं पक्वान्न नाही. त्यांच्या कुळातले काही जण मुंग्यांच्या फौजेमागे फिरतात आणि तिला घाबरून उडालेले किडे मटकावतात, त्यावरून सगळ्या कुळालाच ते नाव पडलं. काकांच्या वाट्याला आले ते दोघं पेरू देशातले, एकमेकांचे सख्खे शेजारी. एकाची छाती पिवळी, त्याला बांबूची बेटं आवडतात. दुसऱ्याची छाती पांढरट आणि तिच्यावर काळ्या रेघा. दिसायला वेगळे, पण नराचं गाणं दोघांचं जवळपास एकच. आधी खणखणीत आणि मग घसा बसल्यासारखं घरंगळत खाली येणारं. इतकं सारखं, की पिवळ्याचं गाणं वाजवलं तर पांढराही आपला भाऊबंद हद्दीत घुसला असं समजून अंगावर धावून येतो. पूर्वी या दोघांना एकाच जातीत धरायचे. पुढे आवाजांचा बारकाईनं अभ्यास झाला आणि त्यांच्या जाती वेगळ्या केल्या.

म्हणजे प्रश्न कधीच सुटला होता. आन्यानं तसं सांगितलंही, आबा, सायंटिस्ट्सनी ऑलरेडी डिसाइड केलंय. काकांचं त्यावरचं उत्तर आमच्या इथल्या मराठी मंडळात आता म्हणीसारखं वापरतात.

"त्यांनी ठरवलं असेल. मी अजून ठरवलेलं नाही."

झालं. काकांच्या घरात पेरूचं जंगल उगवलं. फ्रिजवर एकीकडे पिवळा, दुसरीकडे पांढरा, आणि मधे काकूंच्या फिजिओथेरपीच्या अपॉइंटमेंटचं कार्ड. सकाळी चहाबरोबर पिवळा गायचा, नाश्त्याला पांढरा, आणि जेवताना दोघं आळीपाळीनं. शेजारच्या जेरीला वाटलं, म्हाताऱ्यांच्या स्मोक अलार्मची बॅटरी संपलीय. तो बिचारा शिडी घेऊन आला आणि घरातल्या सगळ्या बॅटऱ्या बदलून गेला. आवाज चालूच. तो पुन्हा आला आणि त्यानं अलार्मच बदलले. तरीही चालूच. तेव्हा काकांनी त्याला बसवून दोन्ही गाणी ऐकवली. जेरीनं डोळे मिटून ऐकलं आणि मत दिलं, की दोन्ही अलार्म चांगल्या कंपनीचे आहेत.

मी मधूनमधून जाऊन घराचा विषय काढायचो. काका शांतपणे सांगायचे की एका वेळी एकच तुलना. पक्ष्यांत घर मिसळलं तर दोन्हीचा विचका होईल. हे आटोपलं की घराकडे वळू. मी म्हटलं, काका, नाणं उडवा यार. ते त्यांना पटलं. लगेच त्यांनी खिशात हात घालून दोन नाणी काढली आणि त्यातलं कुठलं उडवावं ते खिडकीच्या उजेडात बघायला लागले. मी डोक्याला हात लावून घरी आलो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काका लॅपटॉप घेऊन गेले आणि तिथून ही साथ मंडळात पसरली. हळदीकुंकू बायकांचं, काकांना तिथे कोणी बोलावलं नव्हतं, पण वाण घ्यायला आलेल्या प्रत्येकीला त्यांनी तिळगूळ द्यायच्या आधी दोन्ही पक्षी ऐकवले. बायकांना न्यायला आलेले पुरुषही ऐकत थांबले आणि गोड बोलायच्या दिवशी दोन तट पडले. विष्णू काका जुने दादरकर, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी निकाल दिला की पूर्वेला उतरा नाहीतर पश्चिमेला, दादर ते दादर, पक्षी एकच. प्रताप नागपूरचा, माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच व्हिसावर आलेला. तो म्हणाला, तर्री पोहे आणि दडपे पोहे एकच म्हणून दाखवा, मग पक्ष्यांचं बोलू. पोह्यांचं नाव निघाल्यावर मोरेश्वर काकांचा चेहरा उजळला, पण तेवढ्यात लोक हमरीतुमरीवर आले होते.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाचं नियोजन व्हायचं होतं, ते राहिलं बाजूला. तिथे इमोजीतले पिवळे बदाम आणि पांढरे बदाम पडू लागले. ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायचा अशा एका पॉटलकला तर 'एकच' वाल्यांचं टेबल आणि 'वेगळे' वाल्यांचं टेबल अशी विभागणी झाली आणि दोन्ही टेबलांवर पावभाजीच निघाली. कोणाचं कोणाशी जुनं वैर होतं, गणपतीत माइक कोणाला मिळाला नव्हता, कोणाच्या पोरीचा नाच कापला होता, ते सगळं आता मुंगीपक्ष्यांच्या नावानं बाहेर पडत होतं. दोन पक्ष्यांना याचा पत्ताही नव्हता. ते आपले पेरूत सुखानं भांडत होते.

मार्चचा शेवट आला. महिन्याचा शेवटचा दिवस सोमवारी येत होता आणि बिल्डरला उत्तर द्यायचं होतं. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, आमच्या मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा होती. मी मंडळाचा कार्यवाह. त्या आठवड्यात काकूंचा फोन आला. त्यांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. म्हणाल्या, "त्या पक्ष्यांचा विषय सभेत घे. सभेनं काय ते ठरवून टाकू दे. सभेनं ठरवलं की हे ऐकतील, वरून आलेलं ह्यांना चालतं." माझ्या डोक्यात हे इतके महिने आलं नव्हतं. काकांना साहेब हवा होता, आणि सर्वसाधारण सभेपेक्षा मोठा साहेब मराठी माणसाला कुठे मिळणार?

आमची सभा म्हणजे काय ते ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. मंडळाची घटना फार वर्षांपूर्वी कोणा सरकारी खात्यातून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी मुलाकडे आले असताना वेळ जात नव्हता म्हणून लिहिली. त्यामुळे कोजागिरीच्या दुधात केशर घालायचं की नाही यालासुद्धा आमच्याकडे ठराव लागतो. ठरावाला एक सूचक लागतो, म्हणजे तो मांडणारा, आणि एक अनुमोदक, म्हणजे त्याला जाहीर पाठिंबा देणारा. अनुमोदक मिळाला नाही तर ठराव तिथेच बारगळतो. कार्यवाहानं फक्त लिहून घ्यायचं, त्याला अनुमोदनाचाही हक्क नाही आणि मताचाही. सगळ्यात शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' असं एक कलम असतं. त्यात दर वर्षी चहा पातळ होता एवढी एकच तक्रार येते आणि मग सगळे जेवायला उठतात.

यंदा त्या कलमाखाली दोन मुंगीपक्षी आले. अध्यक्ष प्रतिमाताई नियमांच्या फार पक्क्या. पक्षी मंडळाच्या कक्षेत बसतात का, हे त्यांनी आधी घटना उघडून पाहिलं. उद्दिष्टांमध्ये ज्ञानप्रसार हा शब्द सापडला तेव्हा परवानगी दिली. सभा लायब्ररीच्या तळघरातल्या हॉलमध्ये होती. एरवी डोकी मोजून बघावी लागतात इतकी कमी माणसं येतात, यंदा खुर्च्या कमी पडल्या. ठरावाचा मसुदा मीच केला होता. सदर दोन पक्षी एकाच जातीचे की भिन्न, याबाबत सभेनं निर्णय घ्यावा आणि तो संबंधितांस कळवावा. विष्णू काकांनी विचारलं, संबंधित म्हणजे कोण? प्रताप म्हणाला, पक्षी, आणखी कोण?

मोरेश्वर काका पुढे आले. कोट घातला होता. लॅपटॉपवर त्यांना माउसचा बाण सापडत नाही, म्हणून काकू शेजारी बसून आवाज लावत होत्या. काकांनी चोचीपासून सुरुवात केली. चोच, मान, पाठ, शेपूट, एकेक फरक आणि एकेक साम्य, नमनालाच घडाभर तेल. मागच्या टेबलावरचे बटाटेवडे गार होत होते. मग एकदाची गाणी लागली. पिवळ्या नराचं, पांढऱ्या नराचं, पुन्हा पिवळ्याचं. काकांनी दोन्ही तटांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. कुठला पक्षी ते न सांगता आवाज लावायचा आणि विष्णू काका नि प्रतापनं ओळखायचा.

दोघंही चुकले. चुकले ते चुकले, वर प्रत्येकाचं म्हणणं की दुसरा मधे बोलल्यामुळे आपलं चुकलं. विष्णू काकांनी माइक धरला, प्रतापनं तोच माइक दुसऱ्या बाजूनं धरला आणि दोघं एकाच वेळी बोलू लागले. ते काय बोलत होते ते मला लिहून घेता आलं नाही, कारण दोघांचं मला अगदी एकसारखंच ऐकू येत होतं. प्रतिमाताई टेबल वाजवत होत्या. मोरेश्वर काका मधोमध उभे राहून दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीनं बघत होते, आणि मला खात्री आहे की ते फरक काढत होते.

तेवढ्यात काकूंनी कोणाला न विचारता तिसरंच काहीतरी लावलं.

हा आवाज आम्ही कोणी ऐकला नव्हता. तो संपला, मग आणखी एक लागला, आणि तो पहिल्यासारखा अजिबात नव्हता. काकूंनी पुन्हा एकदा दोन्ही लावले. सभेला नुसतं जेवायला येणारी मागच्या रांगेतली मंडळीसुद्धा मान वर करून ऐकू लागली. माइक धरलेल्या अवस्थेतच विष्णू काका म्हणाले की हे तर सरळ वेगळे आहेत. प्रतापनं मान डोलावली.

मोरेश्वर काकांनी विचारलं, हे कुठले पक्षी?

"तेच," काकू म्हणाल्या. "माद्या आहेत. ही पिवळ्याची, ती पांढऱ्याची."

हॉलमध्ये कुजबुज झाली. माद्या गातात हेच बऱ्याच जणांना नवीन होतं. काका गोंधळले. आन्यानं माद्यांची गाणी पहिल्याच दिवशी पाठवली होती, हे त्यांनी कबूल केलं. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, ते मी बाजूला ठेवलं होतं, म्हटलं आधी मुख्य गाण्याचं आटपू.

"दिवाळीपासून ऐकताय मुख्य गाणं," काकू म्हणाल्या. "काय ठरलं?"

काका पुसलेलाच चष्मा पुन्हा पुसू लागले. आश्लेषा माझ्याकडे असं काही बघत होती, की मी मुकाट्यानं मान खाली घालून इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढंच लिहिलं.

पुढे सगळं झटपट झालं. पक्षी भिन्न जातींचे आहेत असा ठराव आला. इतके दिवस एकच म्हणणारे विष्णू काकाच सूचक झाले, अनुमोदन प्रतापनं दिलं, आणि पेरूच्या जंगलात जे कधीच ठरून गेलं होतं ते नेपरव्हिलच्या तळघरात टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं. लोक खुर्च्या सरकवून उठू लागले. वड्यांकडे पहिली पावलं पडलीसुद्धा.

तेव्हा काकू उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत सभेत त्या एकदाही उठून बोललेल्या नव्हत्या, कार्यक्रमाच्या दिवशी त्या कायम स्वयंपाकघराच्या बाजूला. माइकपर्यंत आल्या, मोडलेलं मनगट दुसऱ्या हातानं धरलं आणि म्हणाल्या, "अध्यक्ष, आयत्या वेळचा आणखी एक विषय आहे. माझा ठराव असा, की ओहायोतल्या डब्लिनमधलं डावीकडचं घर घेण्यात यावं. सूचक मी."

उठलेली माणसं खाली बसली. प्रतिमाताईंनी घटना उघडली. हे मंडळाच्या कक्षेत येतं का, त्यांनी पान उलटलं, पुन्हा उलटलं, सभासदांचे कल्याण असे शब्द त्यांना मिळाले आणि त्यांनी परवानगी दिली. मला वाटतं, शब्द नसते मिळाले तरी दिली असती. त्यांनी विचारलं, अनुमोदक कोण?

कोणी हात वर करेना. नवरा-बायकोच्या भानगडीत कोण पडणार? पक्ष्यांवरून एकमेकांची गचांडी धरायला तयार असलेले विष्णू काका छताचे दिवे बघू लागले. प्रताप बुटाची लेस बांधायला वाकला, आणि त्याचे बूट बिनलेसचे होते. आश्लेषानं मला कोपरानं ढोसलं. मी तिला खुणेनं सांगितलं, कार्यवाहाला हक्क नाही. ते खरंच होतं, आणि त्याचं मला बरं वाटलं, याची लाजही वाटली. ती स्वतः हात वर करणार होती, पण काकूंनी तिच्याकडे बघून मान हलवली. काकूंना तिचा हात नको होता.

प्रतिमाताईंनी दुसऱ्यांदा विचारलं. घटनेप्रमाणे तीनदा विचारायचं असतं, मग ठराव बारगळतो. काकू माइकपाशी तशाच उभ्या होत्या. त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या, समोर बघत होत्या. उद्या सोमवार होता, आणि तो हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होता.

मोरेश्वर काका पहिल्या रांगेत बसले होते. ते उठले. घसा साफ केला.

"डावीकडचं म्हणजे," ते म्हणाले, "सकाळचं ऊन येतं ते ना?"

काकू हो म्हणाल्या.

आता ते दुसऱ्या घराचं काढणार, असं सगळ्यांना वाटलं. काकूंनाही वाटलं असावं, त्यांनी डोळे मिटले. काकांचा डावा हात थोडा वर आला, उजवाही आला, आणि तेवढ्यावरच थांबला. मग त्यांनी उजवा हात खिशात घातला.

"दुसरं मी पाहिलेलंच नाही असं समजा," काका म्हणाले. "माझं अनुमोदन."

काकू आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. काका जाऊन त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी काकूंचं प्लास्टर निघालेलं मनगट आपल्या दोन्ही हातांत घेतलं, चारचौघांत, प्रतिमाताईंच्या अध्यक्षतेखाली. मला हसू येत होतं. आश्लेषा तर सरळ रडत होती. जे आम्हाला इतका वेळ आनंदाचं वाटत होतं त्याचा अर्थ आत्ता कुठे आमच्या डोक्यात शिरत होता, की आता आमच्या मुलाला ताप आला तर दोन थर्मामीटर घेऊन कोणी येणार नाही.

विरोधात कोणी, असं प्रतिमाताईंनी नियमाप्रमाणे विचारलं.

माझा हात वर गेला. मी तो केला नाही, तो गेला. सगळा हॉल माझ्याकडे वळून बघू लागला, काकूही बघू लागल्या. प्रतिमाताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "शंतनू, कार्यवाहाला मत नसतं."

ठराव एकमतानं मंजूर झाला, असं मी लिहून घेतलं.